पॅकेटांची वाटणी

नेटवर्कवरून संगणकात येणारी माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांनी येते, आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो कोणत्या यंत्राकडून निघाला, कोणत्या यंत्राकडे जायचा आहे व तेथील कोणत्या प्रोग्रामसाठी आहे हे सांगणारा मजकूर, म्हणजे हेडर, जोडलेला असतो. इथरनेट या तारेच्या जोडणीवर पॅकेट ज्या आवरणात घालून पाठवले जाते त्याला चौकट म्हणतात, आणि नियमांनुसार सर्वांत लहान चौकट ६४ बाइटांची असते. तिच्या आधी पाठवावे लागणारे ८ बाइटांचे संकेत आणि दोन चौकटींमध्ये सोडावे लागणारे १२ बाइटांएवढे अंतर धरले, तर तारेवर तिला एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट लागतात. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर अशी चौकट दर ६७.२ नॅनोसेकंदांनी येऊ शकते, म्हणजे एका सेकंदात सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे. ३ गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे या अवधीत जेमतेम २०० ठोके पडतात, आणि मुख्य मेमरीतून एखादा आकडा आणायला साधारण ६० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका पॅकेटासाठी एकदाच जरी मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तरी ती फेरी पूर्ण होईतो पुढचे पॅकेट दारात उभे असते. सर्वच पॅकेटे इतकी लहान नसतात हे खरे. इथरनेटच्या नेहमीच्या कमाल आकाराची पॅकेटे असतील तर त्याच जोडणीवर ती सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार येतात आणि प्रत्येकासाठी १.२३ मायक्रोसेकंद मिळतात. मात्र नावांचे पत्ते शोधून देणारे डीएनएसचे सर्व्हर, आवाजी संभाषण वाहणारी यंत्रे, किंवा जाणूनबुजून पॅकेटांचा मारा करणाऱ्या हल्ल्याला तोंड देणारी यंत्रे यांच्या वाट्याला लहान पॅकेटेच अधिक येतात.

इथरनेटचे १० गिगाबिटांचे मानक २००२ साली आणि १०० गिगाबिटांचे २०१० साली संमत झाले. एका कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधील हिशेब करणाऱ्या एका स्वतंत्र भागाचा, वेग मात्र याच दशकात थबकला. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी घड्याळ वेगाने चालवले की निर्माण होणारी उष्णता आवरेना, तेव्हा २००४-०५ च्या सुमारास प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनी वेग वाढवण्याचा नाद सोडून एकाच चिपवर दोन, पुढे चार, आणि नंतर डझनांनी कोअर बसवण्याचा मार्ग धरला. तार दहापटींनी वेगवान होत असताना कोअर तसाच राहिला, त्यामुळे पॅकेटांचे काम अनेक कोअरमध्ये वाटण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही वाटणी वरवर पाहता सोपी वाटते, कारण कामाचे तुकडे आधीच पडलेले असतात. परंतु गेल्या वीस वर्षांतील अनुभव असा आहे की, कामाचा बोजा सर्व कोअरवर अगदी समान पडावा हा हट्ट धरला की यंत्र मंदावते, आणि पॅकेटांचा क्रम व माहितीची जवळीक या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी थोडी विषमता पत्करली की ते वेगाने चालते. या क्षेत्रातील बहुतेक सर्व महत्त्वाच्या युक्त्या या एकाच देवघेवीतून निघाल्या आहेत.

वाटणीचा विचार करण्याआधी एकाच कोअरवर पॅकेटाचा प्रवास कसा होतो ते पाहणे आवश्यक आहे. तारेवरून आलेले पॅकेट नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मुख्य मेमरीत, आधी नेमून दिलेल्या जागी लिहून ठेवते. या जागांची यादी वर्तुळाकार असल्यामुळे तिला रिंग म्हणतात. मग कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवण्याची सूचना, पाठवते, आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग, ते पॅकेट उचलून त्याचे हेडर तपासतो, ते कोणत्या जोडणीचे आहे हे शोधतो आणि त्यातील माहिती संबंधित प्रोग्रामच्या हवाली करतो. प्रत्येक पॅकेटामागे एक इंटरप्ट ही पद्धत वेग कमी असताना निभावली. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली दाखवून दिले की, पॅकेटांचा ओघ एका मर्यादेपलीकडे गेला की प्रोसेसरचा सारा वेळ इंटरप्टांना उत्तर देण्यातच संपतो, आत घेतलेल्या पॅकेटांवर पुढचे काम करायला क्षण उरत नाही आणि ती अखेरीस टाकून द्यावी लागतात. यंत्र अखंड राबत असते, पण त्याच्या हातून एकही काम पुरे होत नाही. ओघ वाढताच इंटरप्ट बंद करावेत आणि प्रोसेसरने स्वतःच ठरावीक मर्यादेत पॅकेटे उचलून आणावीत, हा त्यांनी सुचवलेला उपाय. लिनक्समध्ये २००१ च्या सुमारास जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेय कुझनेत्सोव्ह यांनी याच विचारावर नॅपी नावाची यंत्रणा उभी केली. तिच्यात पहिला इंटरप्ट येताच पुढचे इंटरप्ट रोखले जातात, एका खेपेत साधारणपणे ६४ पर्यंत पॅकेटे उचलली जातात, आणि रिंग रिकामी झाल्यावरच इंटरप्ट पुन्हा सुरू होतात.

नॅपीमुळे एका कोअरची शक्ती वाया जाणे थांबले, पण कार्डाला एकच रिंग आणि एकच इंटरप्ट असेल तर तो इंटरप्ट ज्या कोअरकडे जातो त्याच्याच गळ्यात सगळे काम पडते. आठ कोअरच्या यंत्रात अशा वेळी एक कोअर पूर्णपणे गुंतलेला आणि सात मोकळे असतात. देखरेखीच्या पडद्यावर संपूर्ण यंत्राचा सरासरी वापर जेमतेम साडेबारा टक्के दिसतो, आणि तरीही रिंग भरून वाहत असल्यामुळे पॅकेटे गळत असतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची दिशाभूल करणारा हा आकडा आहे, कारण प्रत्येक कोअरचा वापर वेगळा पाहिल्याखेरीज दुखणे कोठे आहे ते कळतच नाही.

यावर सर्वांत आधी सुचणारा उपाय असा की, पहिले पॅकेट पहिल्या कोअरला, दुसरे दुसऱ्याला, अशी पाळीपाळीने वाटणी करावी. बोजा त्यामुळे काटेकोर समान होईल, पण दोन कारणांनी हा उपाय घातक ठरतो. पहिले कारण क्रमाचे. वेब पाने, ईमेल, फाइलींची देवघेव अशा बहुसंख्य कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या टीसीपी या नियमावलीत पाठवलेल्या प्रत्येक बाइटाला अनुक्रमांक असतो. एकाच जोडणीची लागोपाठची पॅकेटे वेगवेगळ्या कोअरवर गेली, तर कमी गर्दी असलेल्या कोअरवरचे मागचे पॅकेट पुढच्याच्या आधी वर पोहोचते. घेणारे यंत्र अशा वेळी आपण अजून कोणत्या बाइटाची वाट पाहत आहोत हे सांगणारी तीच पोच पुन्हा पाठवते, आणि अशा तीन पुनरावृत्त पोचा मिळाल्या की पाठवणारे यंत्र पॅकेट हरवले असे धरून ते पुन्हा पाठवते आणि आपला वेगही घटवते. वास्तविक काहीच हरवलेले नसते. दुसरे कारण जवळिकीचे. प्रत्येक टीसीपी जोडणीची एक नोंद मेमरीत असते, तिच्यात शेवटचा अनुक्रमांक, वाट पाहणारी माहिती, घड्याळे असे बरेच काही असते, आणि प्रत्येक पॅकेटागणिक ती बदलावी लागते. कोअर ही नोंद आपल्या कॅशेमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या लहान पण अतिशय वेगवान मेमरीत, ६४ बाइटांच्या ओळींनी आणून ठेवतो. दोन कोअर आळीपाळीने तीच नोंद बदलू लागले की ती ओळ दर वेळी एकाच्या कॅशेतून दुसऱ्याच्या कॅशेत हलवावी लागते, शिवाय एक जण लिहीत असताना दुसऱ्याने थांबावे म्हणून लॉक लावावा लागतो, आणि जो वेळ वाचवण्यासाठी दुसरा कोअर मदतीला घेतला तो या ओढाताणीत खर्च होतो.

म्हणून वाटणीचे एकक पॅकेट न मानता प्रवाह मानला जातो. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, घेणाऱ्याचा आयपी पत्ता आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रातला नेमका प्रोग्राम ओळखण्याचे आकडे, ही चौकडी ज्यांची एक आहे अशा सर्व पॅकेटांचा एक प्रवाह होतो, आणि एका प्रवाहाची सर्व पॅकेटे एकाच कोअरकडे जातात. टपाल कचेरीत पोस्टमनांना पत्रे मोजून वाटली जात नाहीत, बीटाप्रमाणे वाटली जातात. एखाद्या दिवशी एका बीटाची थैली जड होते, पण त्या गल्ल्या त्या पोस्टमनच्या पायाखालच्या असतात, आणि हाच हिशेब येथेही लागू पडतो.

प्रवाहावरून कोअर ठरवण्याचे काम थेट नेटवर्क कार्डातच करण्याच्या पद्धतीला रिसीव्ह साइड स्केलिंग, थोडक्यात आरएसएस, म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी तिचे तपशील ठरवले, आणि आज सर्व्हरमध्ये बसणारे जवळजवळ प्रत्येक कार्ड ती पाळते. अशा कार्डात एकाऐवजी अनेक रिंग असतात, आणि पीसीआय जोडणीच्या एमएसआय-एक्स या सोयीमुळे प्रत्येक रिंगला आपापला इंटरप्ट असून तो वेगळ्या कोअरकडे वळवता येतो. पॅकेट येताच कार्ड त्याच्या हेडरमधून ती चौकडी काढते आणि तिच्यापासून ३२ बिटांचा एक आकडा, म्हणजे हॅश, तयार करते. त्यासाठी वापरली जाणारी रीत जर्मन गणितज्ञ ओट्टो टोप्लिट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. १८८१ साली ब्रेस्लाऊ येथे जन्मलेल्या आणि १९४० साली जेरुसलेम येथे निधन पावलेल्या टोप्लिट्झ यांचा संगणकाशी काही संबंध आला नाही; प्रत्येक कर्णरेषेवर तोच तो आकडा असणाऱ्या ज्या सारण्यांचा त्यांनी अभ्यास केला, त्या सारण्या वापरून ह्यूगो क्रॉचिक यांनी १९९४ साली संदेशांच्या खरेपणाची तपासणी करण्याकरिता हॅश बनवण्याची रीत मांडली, आणि ती पुढे नेटवर्क कार्डात शिरली.

ही रीत समजायला अवघड नाही आणि तिचे सौंदर्य तिच्या काटकसरीत आहे. कार्डाजवळ ४० बाइटांची, म्हणजे ३२० बिटांची एक किल्ली असते. चौकडीचे बिट एकेक करून डावीकडून वाचले जातात, आणि दर बिटागणिक किल्लीवरची ३२ बिटांची खिडकी एक घर पुढे सरकते. वाचलेला बिट १ असेल तर खिडकीत दिसणारा आकडा उत्तरात एक्सऑर या क्रियेने मिसळला जातो, म्हणजे जेथे दोन्ही बिट सारखे तेथे ० आणि जेथे वेगळे तेथे १ लिहिला जातो. वाचलेला बिट ० असेल तर काहीच करायचे नसते. गुणाकार नाही, भागाकार नाही, त्यामुळे सिलिकॉनमध्ये हे सारे फार थोड्या जागेत आणि अत्यल्प वेळात उरकते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीची चौकडी ९६ बिटांची असते आणि सहाव्या आवृत्तीची २८८ बिटांची. २८८ मध्ये खिडकीचे ३२ मिळवले की ३२० होतात, आणि किल्लीची लांबी तेवढीच का ठेवली आहे ते येथे स्पष्ट होते. किल्ली उघड असू नये याचेही कारण आहे: ती ठाऊक असलेल्या हल्लेखोराला सगळे प्रवाह एकाच कोअरवर आदळतील असे पोर्ट क्रमांक निवडता येतात.

हॅश मिळाला तरी त्यावरून थेट कोअर ठरवला जात नाही. हॅशचे शेवटचे सात बिट घेऊन १२८ घरांच्या एका तक्त्यात पाहिले जाते आणि त्या घरात लिहिलेल्या रिंगकडे पॅकेट जाते. मधला हा तक्ता बारकाईने पाहण्याजोगा आहे. हॅशची रीत कार्डात घट्ट बसवलेली असते, पण तक्ता सॉफ्टवेअरला केव्हाही बदलता येतो. एखादा कोअर थकलेला दिसला की त्याच्या वाट्याची काही घरे दुसऱ्याच्या नावे करता येतात, किंवा एखादा कोअर पॅकेटांच्या कामातून पूर्णपणे मोकळा ठेवता येतो. २०१९ साली स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आरएसएस प्लस प्लस नावाची पद्धत मांडली, तिच्यात हा तक्ता चालू कामात सतत जुळवला जातो आणि घराबरोबर त्या घरातल्या प्रवाहांच्या नोंदीही नव्या कोअरकडे नेल्या जातात.

हॅशकडून समान वाटणीची अपेक्षा मात्र जपून करावी लागते. आठ रिंग आहेत आणि सारख्याच आकाराचे आठ प्रवाह चालू आहेत असे धरले, तर प्रत्येक रिंगला नेमका एकेक प्रवाह मिळण्याची शक्यता सुमारे ०.२४ टक्के, म्हणजे चारशेहून अधिक वेळांत एकदा इतकीच असते. सरासरीने पावणेतीन रिंग रिकाम्या राहतात आणि कोठेतरी दोन-तीन प्रवाह एकाच कोअरवर येऊन बसतात. हजारो लहान प्रवाह असतील तर विषमता आपोआप पुसट होते. वेब सर्व्हरला त्यामुळे ही पद्धत उत्तम मानवते, पण मोजक्याच जोडण्यांवरून प्रचंड माहिती हलवणाऱ्या बॅकअपच्या किंवा वैज्ञानिक प्रयोगांच्या यंत्रांत ती अपुरी पडते.

याच हॅशमधली एक चतुर दुरुस्ती येथे नोंदवायला हवी. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही बाजूंची पॅकेटे तपासणाऱ्या फायरवॉलसारख्या यंत्रात एकाच संभाषणाच्या दोन दिशा दोन वेगळ्या कोअरवर पडतात, कारण उलट दिशेच्या पॅकेटात पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होऊन हॅश बदलतो. दक्षिण कोरियातील काइस्ट संस्थेच्या शिने वू आणि क्योंगसू पार्क यांनी २०१२ साली दाखवले की, किल्लीत दर १६ बिटांनी तोच आकडा पुन्हा लिहिला तर दोन्ही दिशांचा हॅश एकच येतो. पत्ते ३२ बिटांचे आणि पोर्ट १६ बिटांचे असल्याने अदलाबदल झालेली क्षेत्रे एकमेकांपासून १६ च्या पटीतच दूर असतात, म्हणून खिडकीत दोन्ही वेळा तेच दृश्य दिसते. कार्डात काहीही न बदलता, केवळ किल्लीच्या निवडीने, मोठी अडचण दूर झाली.

अनेक रिंग नसलेल्या स्वस्त किंवा जुन्या कार्डांचा प्रश्न गूगलमधील टॉम हर्बर्ट यांनी सॉफ्टवेअरच्या पातळीवर सोडवला. रिसीव्ह पॅकेट स्टिअरिंग नावाची त्यांची पद्धत ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३५ या आवृत्तीत आली. तिच्यात इंटरप्ट एकाच कोअरकडे जातो, पण तो कोअर पॅकेटाचे हेडर पाहून हॅश काढण्यापुरतेच काम करतो आणि पॅकेट दुसऱ्या कोअरच्या प्रतीक्षा-रांगेत टाकून त्याला एका आंतरकोअर इंटरप्टाने जागे करतो. नियमावलीचे खरे कष्टाचे काम त्या दुसऱ्या कोअरवर होते. हर्बर्ट यांनी या बदलासोबत दिलेल्या मोजणीत आठ कोअरच्या एका यंत्रावर सेकंदाला १ लाख ८ हजार लहान देवघेवी होत होत्या, त्या या पद्धतीने ३ लाख ११ हजार झाल्या. प्रोसेसरचा एकूण वापर ३३ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेला. म्हणजे वापर दुपटीच्या आत राहून काम जवळजवळ तिप्पट झाले. तरीही पहिल्या कोअरवरून प्रत्येक पॅकेट जावेच लागते, त्यामुळे ओघ फारच वाढला तर तोच कोअर पुन्हा अडसर होतो.

आतापर्यंतच्या पद्धतींमध्ये प्रवाहाला एक ठरलेला कोअर मिळतो, पण तो योग्य कोअर असेलच असे नाही. पॅकेट अखेरीस कोणत्यातरी प्रोग्रामने वाचायचे असते, आणि तो प्रोग्राम ज्या कोअरवर चालला आहे त्याच कोअरवर पॅकेटाचे काम झाले तर माहिती आधीच कॅशेमध्ये तयार मिळते. नाहीतर ती एका कोअरवरून दुसऱ्यावर ओढून आणण्याचा खर्च पडतो. टीसीपीतील गर्दी-नियंत्रणाचे जनक व्हॅन जेकबसन यांनी जानेवारी २००६ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत हाच मुद्दा जोराने मांडला होता. अनेक कोअरच्या यंत्रात पॅकेटाचा प्रवास प्रोग्राम असलेल्या कोअरपाशीच संपतो, तेव्हा नियमावलीचे कामही तेथेच नेऊन करावे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यांनी सुचवलेली रचना लिनक्सने जशीच्या तशी स्वीकारली नाही, पण त्या विचाराचे फळ हर्बर्ट यांच्याच दुसऱ्या पद्धतीत, रिसीव्ह फ्लो स्टिअरिंगमध्ये, दिसते.

या दुसऱ्या पद्धतीत कर्नल एक मोठा तक्ता ठेवतो. प्रोग्राम एखाद्या जोडणीवरून वाचायला किंवा लिहायला येतो तेव्हा, तो या क्षणी कोणत्या कोअरवर आहे हे त्या प्रवाहाच्या हॅशच्या घरात टिपले जाते; पुढचे पॅकेट आले की ते त्या कोअरकडे पाठवायचे, इतका हा सरळ विचार आहे. अडचण अशी की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत असते. प्रोग्राम हलताच नवी पॅकेटे नव्या कोअरकडे पाठवली आणि जुनी पॅकेटे अजून जुन्या कोअरच्या रांगेत खोळंबलेली असली, तर नवी आधी पोहोचतात आणि क्रमाचा तोच जुना घोटाळा पुन्हा उभा राहतो. हर्बर्ट यांनी यासाठी दुसरा तक्ता योजला. प्रवाहाची पॅकेटे सध्या कोणत्या कोअरकडे जात आहेत आणि त्याचे शेवटचे पॅकेट रांगेत टाकले तेव्हा रांगेच्या शेपटाचा क्रमांक काय होता, या दोन गोष्टी तो लक्षात ठेवतो. नवे पॅकेट आल्यावर जुन्या कोअरच्या रांगेचे तोंड त्या टिपलेल्या क्रमांकापर्यंत पोहोचले आहे का, एवढेच पाहिले जाते. पोहोचले असेल तर या प्रवाहाचे एकही पॅकेट मागे उरलेले नाही, आणि प्रवाह निर्धास्तपणे नव्या कोअरकडे वळवता येतो. पोहोचले नसेल तर माहिती दूर पडली तरी चालेल, पण पॅकेट जुन्याच कोअरकडे जाते. जवळीक आणि क्रम यांत विरोध आला की क्रमाला मान द्यायचा, हा निर्णय येथे दोन आकड्यांच्या तुलनेत बसवलेला आहे, आणि या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर भाग कोणता असे विचारले तर या तुलनेकडेच बोट दाखवावे लागेल.

ही काळजी न घेतल्यास काय होते याचा दाखलाही उपलब्ध आहे. इंटेलच्या काही १० गिगाबिट कार्डांत फ्लो डिरेक्टर नावाची सोय होती. ती बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर नजर ठेवून प्रोग्राम कोणत्या कोअरवर आहे हे ओळखे आणि येणारी पॅकेटे आपण होऊन तिकडे वळवी. अमेरिकेतील फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत प्रयोगांची अफाट माहिती दूरवर पाठवावी लागते, आणि तेथील वेंजी वू, फिल डिमार व मॅट क्रॉफर्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दाखवले की, प्रोग्राम कोअर बदलत असताना ही सोय पॅकेटांचा क्रम बिघडवू शकते, कारण जुन्या रांगेत काही शिल्लक आहे की नाही हे कार्ड पाहत नाही.

बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी २०११ च्या लिनक्स २.६.३८ मध्ये हर्बर्ट यांच्या पद्धतींसारखीच सोय आली. प्रत्येक कोअरला पाठवणीची स्वतंत्र रांग नेमून दिली की लॉकसाठी एकमेकांची वाट पाहावी लागत नाही. आणि येथेही एखाद्या जोडणीच्या पाठवलेल्या सर्व पॅकेटांची पोच मिळेपर्यंत तिची रांग बदलली जात नाही. दोन प्रोसेसरच्या यंत्रात आणखी एक पथ्य पाळावे लागते. नेटवर्क कार्ड दोहोंपैकी एकाच प्रोसेसरला थेट जोडलेले असते आणि दुसऱ्याच्या मेमरीपर्यंत जायचे तर मधला दुवा ओलांडावा लागतो, म्हणून कार्डाचे इंटरप्ट जवळच्या प्रोसेसरच्या कोअरनाच देणे बहुधा हिताचे ठरते, मग दुसऱ्या बाजूचे कोअर मोकळे राहिले तरी बेहत्तर.

कर्नलचा हा सारा मार्गच वळसा घालून टाळण्याची एक वेगळी परंपरा २०१० नंतर रुजली. इंटेलमध्ये सुरू झालेल्या डीपीडीके या संचात कार्डाच्या रिंग थेट प्रोग्रामच्या हाती दिल्या जातात, इंटरप्ट वापरलेच जात नाहीत, आणि नेमलेला कोअर पॅकेट असो वा नसो, रिंग अखंड तपासत राहतो. वीज त्यात अधिक जाते, पण ६७ नॅनोसेकंदांच्या मर्यादेत एकाच कोअरला पॅकेट पुढे पाठवता येते. अशा प्रोग्रामांत प्रत्येक कोअरची रिंग वेगळी, तक्ते वेगळे, मेमरीचा साठा वेगळा असतो आणि सामाईक असे शक्यतो काहीच ठेवले जात नाही. वाटणीचा सगळा भार मग पुन्हा कार्डातल्या हॅशवरच येऊन पडतो.

आणि हॅशला हेडर वाचता आले नाही तर काय, हा प्रश्न व्यवहारात वारंवार उभा राहतो. मोठे पॅकेट वाटेत तोडले गेले असेल तर पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतात. म्हणून तुकड्यांचा हॅश केवळ दोन पत्त्यांवरून काढावा लागतो, आणि अशा प्रवाहातील तुटलेली व अखंड पॅकेटे निरनिराळ्या कोअरकडे जाऊ शकतात. हे टाळण्यासाठी अनेक कार्डांचे चालक-सॉफ्टवेअर यूडीपी या हलक्या नियमावलीच्या पॅकेटांबाबत पोर्ट मुळातच पाहत नाही, आणि परिणामी दोन यंत्रांमधली यूडीपीची सर्व रहदारी एकाच कोअरवर पडते. एका पॅकेटाच्या पोटात दुसरे पॅकेट घालून नेणाऱ्या बोगद्यांचेही असेच आहे: बाहेरचे पत्ते दोनच असल्यामुळे आतले हजार प्रवाह कार्डाला एकच दिसतात. आभासी यंत्रांच्या जाळ्यांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या नियमावलीने यावर साधी तोड काढली. आतल्या हेडरचा हॅश काढून तोच बाहेरच्या पॅकेटाचा उगम-पोर्ट म्हणून लिहायचा, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक यंत्राला आत न डोकावता प्रवाह वेगळे ओळखता येतात.

कूटबद्ध बोगद्यात आतले हेडर वाचता येत नाही आणि प्रत्येक पॅकेट उलगडण्याचे काम तर महागडे असते, म्हणून तेथे एकच मोठा प्रवाह अनेक कोअरवर पसरवण्याची निकड सर्वाधिक भासते. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेल्या आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये समाविष्ट झालेल्या वायरगार्ड या कूटबद्ध बोगद्याच्या सॉफ्टवेअरने पॅकेटाची नोंद एकाच वेळी दोन रांगांत करून हे साधले. पहिली रांग सामाईक आहे. तिच्यातून कोणताही मोकळा कोअर पुढचे पॅकेट उचलतो, ते उलगडतो आणि झाले अशी खूण करतो. दुसरी रांग प्रत्येक दूरच्या यंत्रासाठी स्वतंत्र असून तिच्यात पॅकेटे आल्या क्रमाने असतात, आणि तिच्या तोंडाशी असलेल्या पॅकेटावर झाल्याची खूण पडल्याशिवाय मागची, जरी आधी तयार झाली असली, तरी पुढे सोडली जात नाहीत. महागडे काम अशा रीतीने सर्व कोअरवर पसरते, पण पॅकेटे क्रमाने बाहेर सोडण्याचे काम एका वेळी एकाच कोअरला करता येते. जीन अमडाल यांनी १९६७ साली दाखवल्याप्रमाणे, कामाचा जो हिस्सा वाटता येत नाही तोच एकूण वेगाची कमाल मर्यादा ठरवतो, आणि हा हिस्सा एक पंचमांश असेल तर कितीही कोअर जोडले तरी वेग पाचपटीपलीकडे जाऊ शकत नाही. वायरगार्डमध्ये एका दूरच्या यंत्राशी होणाऱ्या देवघेवीचा कमाल वेग शेवटी त्या दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी उभा असलेला एकटा कोअर ठरवतो.